गाण्यातला 'मी' आणि गाण्यातले 'आम्ही'

आमचे कबनूर हे हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला चिकटलेले गाव. येथे यंत्रमागांचा खडखडाट दिवसपाळी-रातपाळी चालूच असतो. या आवाजात गाणे म्हणायचे तर ते मोठ्यानेच म्हणावे लागते. माझे वडील मागावर कामाला होते आणि भीमजयंतीच्या गायनपार्टीत पेटी वाजवीत. त्यांची एक चुलत बहीण कोडोलीला दिलेली. कोडोलीत अमेरिकन मिशनचे जुने ठाणे; तिच्या सासरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. आत्या माहेरपणाला आली की तिच्या पिशवीत 'उपासना संगीत' हे जाडजूड पुस्तक हमखास असे. रात्री जेवणे झाली की वडील पेटी काढीत, दोन-तीन भीमगीते म्हणत, आणि मग आत्या आपली गीते म्हणे. वडील तिला साथ करीत. धर्म दोन, पेटी एक.

अशाच एका रात्री आत्या म्हणाली, "दादा, तुमच्या गाण्यात भांडान लई, आन् आमच्या गाण्यात रडनं लई. आसं का रं?"

वडील हसले आणि भाता पुन्हा हलवू लागले. मी तेव्हा कॉलेजात होतो. आत्याच्या त्या बोलण्याचे उत्तर शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे. हा हिशेब मांडताना अमेरिकेपर्यंत जावे लागते, कारण आत्याच्या पुस्तकातल्या निम्म्या चाली तिकडून आलेल्या आहेत.

'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे गीतपुस्तक. त्यात दोन प्रकारची गाणी शेजारी शेजारी नांदतात. एक प्रकार देशी घडणीचा: अभंग, ओव्या, पदे, भजने. या प्रकारातले एक मोठे नाव कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४-१९०८). अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरातले हे कवी. त्यांचे एक गीत नगरचे मिशनरी आल्डन क्लार्क यांनी इंग्रजीत नेले आणि ते अमेरिकेतल्या गीतसंग्रहांत जाऊन बसले. एरवी गाण्यांची वाहतूक एकाच दिशेने झाली असे आपण समजतो. ते तितकेसे खरे नाही. दुसरे आणि सर्वांत मोठे नाव रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तेथून १९१९ साली मृत्यू येईपर्यंत शेकडो गीते लिहिली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मराठी मंडळीने मराठी घाटातच गावे, हा त्यांचा हट्ट होता आणि तो योग्यच होता.

दुसरा प्रकार भाषांतरित गीतांचा. चाल अमेरिकन किंवा इंग्रजी, शब्द मराठी. इंग्रजी गाण्याची चाल शब्दाच्या आघातावर चालते, आणि मराठी शब्दाला तसा आघात नाही. त्याला ऱ्हस्व-दीर्घ आहे, मात्रा आहेत. त्यामुळे या गीतांत शब्द ओढावे लागतात, तोडावे लागतात, क्रियापद कोठेतरी मागे पडते. पंडितांनी या मराठीची पुष्कळ थट्टा केली. परंतु ज्या महार-मांग बायाबापड्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहून आरतीत सूर मिसळण्याची मुभा नव्हती, त्यांच्या हाती आपले म्हणून पहिले छापील गीतपुस्तक आले ते हेच. ते वाचता यावे म्हणून त्या अक्षरे शिकल्या. मराठी कशी का असेना, मला तिची थट्टा करवत नाही.

या चाली रचणारे आणि त्यांचे मूळ शब्द लिहिणारे लोक कोण होते?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'गॉस्पेल हिम' नावाचा गीतप्रकार उदयाला आला. या नावाला रूढ करणारे पुस्तक फिलिप ब्लिस यांनी १८७४ साली सिनसिनाटीहून काढले. पुढल्याच वर्षी ब्लिस आणि आयरा सँकी यांचा संयुक्त संग्रह निघाला आणि या गाण्यांचा अक्षरशः पूर आला. सँकी हा पेनसिल्व्हेनियातला सरकारी कर-खात्यातला नोकर. ड्वाइट मूडी हा एके काळचा बूट विकणारा. १८७० मध्ये दोघांची गाठ पडली: एकाने बोलायचे, दुसऱ्याने लहानशी पायपेटी घेऊन गायचे. १८७३ ते १८७५ या काळात त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड पालथे घातले. सँकीच्या गाण्यांची शब्दांपुरती आवृत्ती एका पेनीला मिळे. आपल्याकडे जयंतीला मैदानात आणि चैत्यभूमीवर गीतांच्या ज्या पातळ पुस्तिका विकल्या जातात, त्यांची आठवण येथे होते. स्वस्त कागद, मोठा टाइप, आणि खिशात मावेल असा आकार.

या गाण्यांची घडण अगदी साधी. चार ओळींचे कडवे, आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच ते पालुपद. अक्षर न येणाऱ्यालाही दुसऱ्या वेळी पालुपद म्हणता येते, आणि तिसऱ्या वेळी तो ते घरी घेऊन जातो. सूर मोजके, पेटी शिकणाऱ्या पोरालाही वाजवता येतील इतके. आमच्या गायनपार्टीत याला "झील धरणे" म्हणतात. झील सोपी असेल तरच सभा गाते, हे सँकीला जसे कळले होते तसे आपल्या शाहिरांनाही कळले होते.

लिहिणाऱ्यांत स्त्रिया फार. ज्या काळात बाईला व्यासपीठावरून प्रवचन करू देत नसत, त्या काळात तिला गीत लिहिता येत असे, आणि तेच गीत हजारो पुरुष उभे राहून म्हणत. यातली सर्वांत प्रसिद्ध फॅनी क्रॉस्बी (१८२०-१९१५). सहा आठवड्यांची असताना डोळे आले, चुकीचा उपचार झाला आणि दृष्टी गेली, असे ती सांगत असे. न्यूयॉर्कच्या अंधशाळेत ती शिकली, तेथेच शिक्षिका झाली. १८६४ पासून तिने धर्मगीते लिहिली ती आठ हजारांच्या वर. डोळे नाहीत म्हणून गीत आधी मनात पूर्ण रचायचे आणि मग लेखनिकाला सांगायचे. एकेका गीताला प्रकाशक डॉलर-दोन डॉलर देत. पुस्तकात एकाच बाईची इतकी गाणी दिसू नयेत म्हणून तिच्या नावाऐवजी टोपणनावे छापीत. अशी टोपणनावे शेकड्यांत मोजावी लागतात. चालीचे आणि पुस्तकाचे हक्क दुसऱ्यांचे. मॅनहॅटनमधल्या साध्या भाड्याच्या खोल्यांत ती राहिली आणि दारूत बुडालेल्या, रस्त्यावर आलेल्या लोकांच्या वस्तीत काम करीत राहिली.

१८७३ साली तिच्या मैत्रिणीने, फीबी नॅप हिने, एक चाल वाजवून दाखवली आणि ही चाल काय म्हणते असे विचारले. फॅनीने तेथल्या तेथे शब्द सांगितले. ते गीत आज जगभर गायले जाते. ही नॅपबाई एका बड्या विमा कंपनीच्या अध्यक्षाची पत्नी. एकीकडे श्रीमंत दिवाणखान्यातला वाद्यमेळ आणि दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहणारी आंधळी कवयित्री. या गीतप्रकारात हे दोन्ही वर्ग एका पानावर आहेत, पण पानावरचे शब्द वर्गाबद्दल काही बोलत नाहीत. येथे माझ्या विषयाची सुरुवात होते.

दुसरे उदाहरण होरेशियो स्पॅफर्डचे. शिकागोचा वकील. १८७१ च्या आगीत त्याची मालमत्ता गेली. नोव्हेंबर १८७३ मध्ये अटलांटिकवर 'व्हिल द्यु हाव्र' ही आगबोट बुडाली, तीत त्याच्या चार मुली बुडाल्या. बायको तेवढी वाचली. त्या दुःखात त्याने जे गीत लिहिले ते ब्लिसने १८७६ मध्ये चालीवर बसवले. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला ओहायोत रेल्वेचा पूल कोसळला आणि ब्लिस व त्याची पत्नी दोघेही गेली. तेव्हा ब्लिस अवघा ३८ वर्षांचा होता.

हे लोक खोटे नव्हते. त्यांचे दुःख उसने नव्हते. गीतपुस्तकाच्या मिळकतीतला पैसा मूडी-सँकी यांनी स्वतःकडे ठेवला नाही. तो मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्ड आणि माउंट हर्मन येथल्या शाळांकडेही गेला. तरीसुद्धा या गीतांचा आशय पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांतला बोलणारा सदैव 'मी' आहे. मी पापी, मी हरवलेला, मी आंधळा, मी थकलेला. आणि तारणारा माझा. सँकीच्या सर्वांत गाजलेल्या गीताची कथा तर बोलकीच आहे. १८७४ मध्ये ग्लासगोहून एडिंबरोला जाताना आगगाडीत त्याने वर्तमानपत्रात एलिझाबेथ क्लेफेन या स्कॉटिश बाईची कविता वाचली, ती कापून खिशात ठेवली आणि सभेत ऐन वेळी चाल लावून गायली. विषय बायबलमधल्या शंभरातल्या एका चुकलेल्या मेंढराचा. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून त्या एकाला शोधायला रानात जातो. सभा रडली म्हणतात. रडणारच. पण कबनूरच्या माणसाला एक शंका येते. आमचे मेंढरू कळपातून चुकून रानात गेलेले नव्हते. त्याला वाड्यात शिरूच दिले नव्हते. ज्याला बाहेर ठेवले गेले त्याने "मी चुकलो" असे का गावे?

आता त्याच देशातल्या दुसऱ्या गाण्यांकडे वळू. डॉ. म. ना. वानखडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने निग्रो साहित्याची ओळख आपल्या पिढ्यांना करून दिली. (तेव्हा 'निग्रो' हाच शब्द रूढ होता, ते लोक स्वतःला आज त्या नावाने म्हणवून घेत नाहीत, म्हणून मी 'काळे' असा शब्द वापरतो.) ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांचे नाते आपण सांगतो, कवितेचे सांगतो, पण गाण्याचे नाते त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे.

कापसाच्या शेतात राबणाऱ्या गुलामांच्या धर्मगीतांचा पहिला संग्रह १८६७ साली छापला गेला. त्यात १३६ गाणी आहेत. कवींची नावे नाहीत. जात्यावरच्या ओवीला जसे नाव नसते तसेच. या गाण्यांतही बायबल आहे, पण उघडते ते दुसऱ्याच पानावर. मिसर देशाचा राजा फारो, त्याच्या वेठीला धरलेले इस्राएल लोक, आणि त्यांना सोडवायला गेलेला मोशे. 'गो डाउन, मोझेस' हे गाणे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको की तेथे फारो कोण आणि मिसर कोणता. मळ्याच्या मालकासमोरही हे गाता येत असे, कारण ते बायबलातले होते! गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असे समजणाऱ्यांसारखे अडाणी कोणी नाहीत. गुलाम सर्वांत दुःखी असतो तेव्हा सर्वांत जास्त गातो.

१८६६ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल येथे नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्यांसाठी फिस्क विद्यालय सुरू झाले. पाच वर्षांत ते बंद पडायच्या बेताला आले. तेव्हा जॉर्ज व्हाइट या शिक्षकाने नऊ विद्यार्थी घेतले, शाळेच्या तिजोरीत उरलेसुरले होते ते घेतले, आणि ६ ऑक्टोबर १८७१ रोजी गाण्याचा दौरा काढला. बहुतेक मुले गुलामगिरीत जन्मलेली. हॉटेले त्यांना खोल्या नाकारीत. सुरुवातीला ती गोऱ्या श्रोत्यांना आवडतील अशी गाणी म्हणत. आईबापांची गाणी आपापसातच म्हणत. ती चारचौघांत म्हणायची त्यांना लाज वाटे. एला शेपर्ड या त्यांच्यातल्या प्रमुख गायिकेने पुढे लिहिले की त्या गाण्यांना गुलामगिरीचा वास होता, आणि शिवाय ती आईबापांच्या लेखी पवित्र होती; ती तमाशासारखी दाखवायची नव्हती.

हे वाचताना मी थांबलो. आपल्याकडे हे घडलेले आहे. हलगी वाजवायचे सोडा, मेलेले ढोर ओढायचे सोडा, जोगवा मागायचे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले. सोडायलाच हवे होते, कारण ते वाजवणे हक्काचे नव्हते, वेठीचे होते. पण त्याबरोबर आजीच्या तोंडची कितीतरी गाणी आम्ही लाजेपोटी ऐकलीच नाहीत आणि ती तिच्याबरोबर गेली. फिस्कच्या मुलांनी हळूहळू लाज टाकली. आईबापांची गाणी त्यांनी मंचावर आणली तेव्हा सभागृहे स्तब्ध झाली. ज्युबिली सिंगर्स हे त्यांचे नावही बायबलातले: ज्युबिली म्हणजे पन्नासाव्या वर्षी गुलामांना मोकळे करण्याचे वर्ष. १८७३ मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियासमोर गायले. गाण्याच्या पैशातून १८७६ मध्ये 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालचा जथा जगभर फिरला आणि १८८९-९० च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याच फिस्कमध्ये शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ मध्ये आपल्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण या शोकगीतांना वाहिले. या द्यु बॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र पाठवले होते.

इंग्लंडच्या दौऱ्यात ज्युबिली सिंगर्स मूडी-सँकीच्या सभांतही गायले. म्हणजे दोन्ही प्रकारची गाणी एका मंडपात भेटली. त्यानंतर लगेच काय झाले ते पाहा. मूडी अमेरिकेत परतला आणि १८७६ मध्ये दक्षिणेतल्या ऑगस्टा या गावी त्याने सभा घेतल्या. तेथे गोरे आणि काळे यांच्यामध्ये कठडा घालण्यात आला. मूडीला ते आवडले नाही. पण गोऱ्यांनी तक्रार केल्यावर त्याने मान तुकवली, आणि पुढे दक्षिणेत त्याच्या सभा वेगवेगळ्या होत राहिल्या. फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स या दोघांनीही त्याच्यावर जाहीर टीका केली. गाणी तीच, तारणारा तोच, आणि मध्ये कठडा. हे झाले कसे? मला वाटते, गाण्यातच त्याची सोय होती. ज्या गाण्यात फक्त 'मी' आणि 'माझा तारणारा' आहे, त्याला कठड्याची अडचण होत नाही. 'मी' कठड्याच्या या बाजूला उभा राहूनही गाऊ शकतो, त्या बाजूलाही. 'आम्हांला जाऊ दे' असे म्हणणाऱ्या गाण्याला मात्र कठडा दिसतो.

१८७३ हे साल येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फॅनी क्रॉस्बीचे ते गीत, स्पॅफर्डचे दुःख, मूडी-सँकीचा दौरा, फिस्कच्या मुलांचे राणीपुढचे गायन, हे सारे त्या एका वर्षातले. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यमुक्त केले त्यांना अर्पण केली. जोतीरावांनी त्या देशात पाहिले ते बेड्या तोडणे. मिशनच्या आगबोटींनी मात्र आपल्याकडे आणली ती सँकीची गाणी. फिस्कच्या पोरांची नव्हे. आत्याच्या पुस्तकातले रडणे जास्त का, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

हा संबंध कोल्हापूरला तर फारच जवळचा. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचे मिशन अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले, आणि पुढे कोल्हापूर, सांगली, कोडोली, मिरज अशी ठाणी झाली. मिरजेचे डॉ. वानलेस यांचे हॉस्पिटल याच मिशनचे. माझे आजोबा तेथे बरे होऊन आले. वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. हाच रॉबर्ट १८८६ मध्ये मूडीच्या माउंट हर्मन येथील विद्यार्थी-शिबिरात होता, आणि परदेशी मिशनला जाण्याची शपथ घेणारी शंभर विद्यार्थ्यांची जी चळवळ तेथून निघाली तिच्या प्रवर्तकांत तो होता. ज्या शाळांना गीतपुस्तकांच्या पैशाचा हातभार, त्यांतल्याच एकीच्या आवारात कोल्हापूरच्या पोराने तरुणांना मिशनरी व्हायला उठवले. त्यांच्या पेट्यांतून तीच गीतपुस्तके पुन्हा आपल्याकडे आली. हे वर्तुळ मला कळले तेव्हा आत्याच्या पिशवीतले पुस्तक पाहण्याची माझी नजरच बदलली.

मिशनने दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. सावित्रीबाईंना अध्यापनाचे धडे नगरच्या मिस फॅरार यांच्याकडे मिळाले. मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये छापला तो मिशनच्या 'ज्ञानोदया'ने. पण बाबासाहेबांनी या व्यवहाराची दुसरी बाजू फार स्पष्ट मांडली आहे. त्यांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. हिंदू असताना अस्पृश्य समजत होता की आपली दशा पूर्वकर्माने झाली. ख्रिस्ती झाल्यावर त्याला सांगण्यात आले की ती मूळच्या पापाने, पूर्वजांच्या पापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी. ज्यांनी त्याला खाली दाबले ते दोन्हीकडे मोकळे. मग अन्यायाशी झगडण्याची प्रेरणा येणार कोठून? चर्चमध्ये शिरूनही जात सुटली नाही, याचीही त्यांनी नोंद केली आहे.

हा युक्तिवाद मी गाण्यांना लावून पाहिला आणि तो तंतोतंत बसला. पण प्रामाणिकपणे आणखी एक पाऊल टाकले पाहिजे. ही विलायती गाणी येण्याच्या पाचशे वर्षे आधी चोखोबा आपल्या अभंगांत आपली हीन याती पूर्वजन्मीच्या दोषाचे फळ म्हणून सांगत होते. प्रश्नही विचारीत होते, हे खरे; विटाळाला आरंभ कोठे आणि अंत कोठे, हा त्यांचा सवाल आजही निरुत्तर आहे. 'अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला तो उगीच नव्हे. पण रडण्याचा सूरही चोखोबांत आहे. तेव्हा टिळकांसारखा थोर कवी तुकोबांची वाट धरून येशूकडे निघाला, तेव्हा त्या वाटेवरचा 'पतित मी' त्याच्याबरोबर सहज गेला. भक्तीचा पतित आणि सँकीचा पापी यांची गाठ 'उपासना संगीता'त पडली. टिळक स्वतः ब्राह्मण कुळातून आले होते. त्यांनी स्वतःला पतित म्हणवणे हा एक प्रकारचा मोठेपणा होता. त्यात जन्माचा अहंकार गळत होता. तेच शब्द नगरच्या महारवाड्यातल्या बाईने म्हटले की त्यांचा अर्थ उलटा होतो. जिला गाव आधीच पतित म्हणत आले तिला तो शब्द पुन्हा म्हणायचा. टिळकांच्या काव्याला उणेपणा आणावा म्हणून हे मी लिहीत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे की लक्ष्मीबाईंनी सोवळे टाकताना किती सोसले. मी एवढेच म्हणतो की गाणे कोण लिहितो आणि कोण गातो, यातले अंतर मोजले पाहिजे.

आपल्या गाण्यांनी हा 'मी' टाकला तो १९२० नंतरच्या चळवळीत. त्या वर्षीच्या मार्चमध्ये आमच्याच तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी असे सांगितले. १९३१ च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. साज तमाशाचा, ढोलकी-पेटीचा. पण विषय पाण्याचा, मंदिराचा, सावकाराचा, शाळेचा. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आले. मोठेपणी अक्षरे शिकलेला हा सिन्नर तालुक्यातला माणूस. त्याने हजारो गीते रचली, खेडोपाडी फिरून गायली आणि मानधनाचे कधी भांडण केले नाही. फॅनी क्रॉस्बी आणि वामनदादा यांना शेजारी बसवले तर दोघांचे कष्ट सारखे, गाण्यांची संख्या सारखी मोठी, आणि दारिद्र्यही सारखे. पण एकीच्या गाण्यात जग सोडून वर पाहायचे आहे, दुसऱ्याच्या गाण्यात जगाकडे डोळे रोखून पाहायचे आहे. वामनदादांच्या गाण्यातला भीम एकट्या 'माझा' तारणारा नाही. तो एका समूहाला उभे करणारा आहे. आत्या ज्याला "भांडान" म्हणाली ते हेच.

असे असले तरी आपणही बेसावध राहू नये. अलीकडे जयंतीला आमच्या गल्लीत डीजेवर जी गाणी वाजतात त्यांतली बरीचशी माझ्या कानाला निव्वळ स्तुतीची वाटतात. भीमराया असा होता, तसा होता, त्याची गाडी, त्याचा कोट. गिरणी-मागावरच्या मजुरीचे काय, दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या पोरांचे काय, हे त्या गाण्यांत नाही. आत्याच्या नातवंडांना ती ख्रिस्ती म्हणून अनुसूचित जातीची सवलत नाही. १९५० च्या आदेशाने ती हिंदूंपुरती ठेवली, शिखांना १९५६ मध्ये आणि आम्हा बौद्धांना १९९० मध्ये मिळाली. एकाच भावकीत दोन कागद. या कागदावर गाणे कोणी केलेले मी तरी ऐकले नाही, ना त्यांच्या पुस्तकात, ना आमच्या डीजेवर.

शेवटी एका गाण्याचा प्रवास सांगतो. चार्ल्स टिंडली (१८५१-१९३३) याचा बाप गुलाम होता. हा माणूस स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकला, फिलाडेल्फियातल्या एका चर्चमध्ये झाडलोट करणारा म्हणून लागला आणि पुढे त्याच चर्चचा पाळक झाला. १९०१ साली त्याने एक गॉस्पेल गीत प्रसिद्ध केले. घडण तीच, क्रॉस्बी-सँकीच्या घराण्याची, आणि बोलणाराही तोच 'मी': एक दिवस मी या साऱ्यावर मात करीन. १९४५-४६ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन येथे सिगार कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. पुष्कळशा काळ्या बाया. आपल्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायांसारख्या. पावसा-थंडीत दारावर धरणे धरून बसलेल्या या बाया एक गाणे म्हणत, आणि त्यात 'मी' नव्हता, 'आम्ही' होते. तेथून ते हायलँडर या कामगार-शाळेत गेले, तेथून पीट सीगरकडे, आणि १९६० नंतर नागरी हक्कांच्या प्रत्येक मोर्चात. चाल टिंडलीची नाही, दुसऱ्या जुन्या गाण्यांचीही भर त्यात आहे, असे अभ्यासक सांगतात. पण तो शब्द संपातल्या बायांनी बदलला. गिरिजाकुमार माथुरांनी त्याचे हिंदी केले आणि ते आमच्या शाळेत दर २६ जानेवारीला होत असे. आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते की ते तंबाखूच्या कारखान्याच्या दारातून आले आहे.

वडील गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याला भेटायला कोडोलीला गेलो तेव्हा ती पेटी बरोबर नेली आणि ही हकीकत तिला सांगितली. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात. तिने चष्मा पुसला, पुस्तक काढले, तिच्या आवडीचे गीत लावले आणि पहिल्या ओळीतल्या 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून म्हणून पाहिले. एक अक्षर जास्त झाले, चाल लंगडली.

"बसंना रं," ती म्हणाली. "पुन्यांदा सूर धर. जरा हळू."

मी भाता हलवला.